बनुबाईंचे मानपत्र आणि एका टोळीतले दोन मुकादम

ज्या मनुष्याला पाऊण पानाचे वाक्य कर्त्यापासून क्रियापदापर्यंत सुखरूप नेता येते, त्याला एका जुन्या संगणकात हार्ड डिस्क बसवता येणार नाही, असे मानणाऱ्यांशी वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. वाद हरायला तयार नाही. पुढे जे काही घडले त्यानंतरही माझे हे मत तसूभर हललेले नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. म्हणजे शेवटी माझ्याकडून कबुलीजबाब मिळेल या आशेने कोणी वाचत राहू नये.

तिसगावच्या हायस्कुलात मी आयुष्यभर मराठी शिकवले. निवृत्त झाल्यापासून मानपत्रे लिहितो. आमच्या भागात कुणाचा सत्कार ठरला, की आधी हार सांगतात, मग मंडप सांगतात आणि मग मला सांगतात. कुस्ती मारून आलेला पैलवान, एकही अपघात न करता निवृत्त झालेला एस.टी. चालक, भर उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलेला शेतकरी, अशा सर्वांना मी चौकटीत बसवले आहे. एकदा तर एका बैलाचेही मानपत्र लिहिले. ते वाचले जात असताना बैलाच्या मालकाला अश्रू आवरले नाहीत. बैलाने संयम राखला.

ही मानपत्रे मी थेट संगणकावर रचतो. कागदावर लिहिले की खोडाखोड होते, आणि खोडलेला शब्द पानावर उरतो तो ताटातल्या खरकट्यासारखा. संगणकात पुसलेला शब्द पुसला जातो. त्याची आठवणदेखील मागे राहत नाही. हा संगणक शाळेने मोडीत काढला तेव्हा मी तो सन्मानाने घरी आणला. त्याचा पडदा पुढून परातीएवढा आणि मागून कणगीएवढा आहे. चालू होताना तो पिठाच्या गिरणीसारखा सूर धरतो. त्याला इंटरनेट नाही, म्हणजे त्याला कोणतेही व्यसन नाही. पेनड्राइव्ह खुपसण्याची सोय त्याच्या जन्मकाळी रूढ नव्हती, आणि फ्लॉपीची जी खाच आहे तिच्यात आमच्या सुनेला, आरतीला, एकदा पालीचे अंडे सापडले. तेव्हापासून ती त्याला संगणक म्हणत नाही, ‘ते’ म्हणते.

“मामा, ते द्या ना आता भंगारात. मोबाईलवर नुसतं बोललं तरी टाईप होतं.”

“मोबाईलवर होते ते बोलणे, आरती. मी करतो ते लेखन.”

“बरं,” ती म्हणाली. आमच्या घरात ‘बरं’ या शब्दाचा अर्थ ‘पटले’ असा होत नाही.

तर, या वर्षी मानपत्र लिहायचे होते बनुबाईंचे. बनुबाई म्हणजे ऊसतोडणीच्या टोळीच्या मुकादम. आमच्या भागातून दसरा झाला की टोळ्या ट्रकांत बसून कारखान्यांकडे निघतात त्या उन्हाळ्यातच परततात. मुकादम बहुधा पुरुष असतो. नवरा गेल्यानंतर बनुबाईंनी त्याची टोळी स्वतः चालवायला घेतली, आणि तेव्हापासून त्या टोळीशी डोळे वर करून बोलण्याची, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कोणा कारखान्याच्या चिटबॉयची छाती झाली नाही. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून त्या गावातच राहणार होत्या. टोळीने आणि नवरात्र मंडळाने ठरवले, की दसऱ्याला सोने लुटून झाले की देवळापुढेच त्यांचा सत्कार करायचा आणि तिथूनच ट्रक सोडायचे. त्या संध्याकाळी मानपत्र वाचले गेले तरच टोळीच्या कानांवर पडणार. एकदा ट्रक निघाले की ऐकायला उरणार मंडपवाला आणि त्याचे कुत्रे.

मी महिनाभर खपलो. मानपत्र असे काही उतरले, की मला स्वतःलाच बनुबाईंचा हेवा वाटू लागला. आणि ऐन नवरात्रात संगणकाच्या पोटातून आवाज येऊ लागला: टक्. टक्. टक्. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारा बिभीषण घरी आला. त्याने पेटीला कान लावला, वैद्य लावतात तसा.

“सर, हार्ड डिस्क गेल्यात जमा हाय. एखाद्या वेळी चालू व्हईल, एखाद्या वेळी न्हाई. दुसरी डिस्क आणून ह्यातलं सगळं तिच्यात वतून घ्यावं लागंल. पण ह्या जातीची आता मिळत न्हाई.”

“मिळत नाही म्हणजे तू शोधलेली नाहीस.”

“तुमी शोधा मग.”

मी शोधली. पाथर्डीत बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासच्या माळ्यावर, कोळ्याच्या जाळ्यांत, अगदी त्याच जातीची, रुंद पट्टीने जोडायची डिस्क निघाली. विजयी मुद्रेने परतलो तर ओसरीवर पार्थ बसलेला. पार्थ माझा माजी विद्यार्थी आणि नवरात्र मंडळाचा विद्यमान अध्यक्ष.

“सर, कॉम्प्युटर बसला असं ऐकलं. टेन्शन घेऊ नका. मी मोबाईलला सांगितलं, त्यानं मिनिटात मानपत्र लिहून दिलं. वाचू का?”

“नको.”

त्याने वाचले. “‘आदरणीय बनुबाई, ऊसतोडणी क्षेत्रातील आपले मोलाचे योगदान आम्हा सर्वांसाठी प्रेरणादायी आहे. आपला प्रवास हा जिद्द, चिकाटी आणि समर्पणाचा त्रिवेणी संगम आहे.’”

“यात बनुबाई काढून माझा बैल घाल.”

“काय?”

“घालून पाहा. मोलाचे योगदान, प्रेरणादायी, त्रिवेणी संगम. बैलालाही चालते, ट्रकलाही चालते. ज्या अंगरख्यात सगळे गाव मावते तो अंगरखा नव्हे, पार्थ, तो मंडप आहे.”

“सर, पण वेळेत तयार आहे.”

“माझेही वेळेत तयार होईल. माझ्याच संगणकातून, माझ्याच हाताने.”

पार्थ उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, “हे राहू दे मग मोबाईलमध्ये. असू द्या, स्टेपनी म्हणून.”

माझ्या मानपत्राला स्टेपनी! त्या क्षणी मी प्रतिज्ञा केली, की ही डिस्क बिभीषणाला हात लावू न देता मी स्वतः बसवीन. बिभीषणाने फक्त बॅटरी धरावी.

त्याने बॅटरी धरली. मी पेटी उघडली. आत इतकी धूळ होती, की आरती सूप घेऊन आली आणि भंगाराविषयी काहीतरी पुटपुटत परत गेली. जुनी डिस्क पेटीत आपल्या जागी होती. नवी डिस्क ठेवायला आत जागाच नव्हती, म्हणून ती मी बाहेर जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवली. दोघींना एकाच रुंद पट्टीने जोडले. बटण दाबले. गिरणीचा सूर आला, पडद्यावर दोन ओळी उमटल्या, आणि संगणक तिथेच थिजला. पुन्हा दाबले, पुन्हा थिजला.

“पट्टी उलटी लावली का सर?” बिभीषणाने विचारले.

“पट्टीची लाल कड ज्या बाजूला हवी त्याच बाजूला आहे.”

“मग दोनी मुकादम असतील.”

“म्हणजे?”

“ह्या जुन्या डिस्कांचं असं असतं, सर. एका पट्टीवर दोन लावल्या की एक मोठी ठरवायची, एक धाकटी. मागं सुया असत्यात, त्यावर बारीक काळी टोपी असती. जंपर म्हणत्यात. टोपी ह्या सुयांवर घातली तर डिस्क मालक, त्या सुयांवर घातली तर हाताखालची. आता दोघी मालक म्हणून उभ्या हायत. एका टोळीत दोन मुकादम झाल्यावर ऊस तुटंल का?”

मी वाकून पाहिले. दोघींच्या टोप्या मालकिणीच्याच जागी होत्या. पाथर्डीच्या माळ्यावर एकटीने दिवस काढलेल्या त्या डिस्कला दुसरे काय वाटणार म्हणा.

“चिमटा दे,” मी म्हणालो.

“सर, मी काढतो. टोपी लई बारीक असती.”

“मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या लेखनातले अनुस्वार वेचले आहेत. मला बारकाव्याची भीती घालू नकोस.”

मी चिमट्याने नव्या डिस्कची टोपी धरली. ती निघाली. निघाली ती इतक्या उत्साहाने, की चिमट्यातून सुटून उडाली आणि दृष्टिआड झाली. टिक् असा आवाज तेवढा ऐकू आला. तो कपाटाखालून आला असे माझे मत, आणि दाराकडून आला असे बिभीषणाचे. आम्ही यावर साधार चर्चा करत असताना आरतीने येऊन दाराकडचे झाडून घेतले. ती बाई झाडते तेव्हा सृष्टीत काहीही शिल्लक ठेवत नाही.

“आरती, तू आता काय झाडलेस?”

“कचरा.”

“त्यात काळे, लहान, चौकोनी असे काही होते?”

“उंदराच्या लेंड्या होत्या. दिवाळीच्या आत पिंजरा लावायचाय, मामा, मी कधीची सांगतेय.”

कचऱ्याची बादली अंगणात उपडी करण्यात आली. माझी पत्नी पुष्पावती घटापुढची फुले बदलता बदलता बाहेर आली आणि आम्हा दोघांना उकिरड्यावर चिमटे घेऊन बसलेले पाहून फुलांसकट तशीच आत गेली. काळ्या, लहान वस्तू विपुल होत्या. माझा चष्मा वाचण्यासाठी आहे, वेचण्यासाठी नाही. त्यामुळे मोठ्या आशेने आत नेऊन मी सुयांवर टोचू पाहिलेली पहिली वस्तू जंपर नव्हती, एवढेच सांगतो.

“सर, ती दबली,” बिभीषण म्हणाला. “जंपर दबत नसतो.”

अखेर टोपी सापडली. ती कपाटाखालीही नव्हती आणि दाराकडेही नव्हती, ती बिभीषणाच्या सदऱ्याच्या खिशात पडली होती. म्हणजे आम्हा दोघांचे मत चुकले. माझे कमी चुकले, कारण तो कपाटाजवळच उभा होता. टोपी धाकट्या जागी बसवली. बटण दाबले. गिरणी घुमली. पडद्यावर दोन्ही डिस्कांची नावे एकाखाली एक उमटली, पंगतीत बसलेल्या जावांसारखी. आणि जुनी डिस्क, अनपेक्षितपणे, टक्टक् न करता बोलू लागली.

तो दिवस खंडेनवमीचा. बिभीषणाने जुन्या डिस्कवरचे सर्व काही नव्या डिस्कवर उतरवायला लावले. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

“आता हात लावायचा न्हाई, सर. अजिबात बंद करायचं न्हाई. जुनी डिस्क एकदा बंद पडली की पुन्हा बोलंलच असं न्हाई. मला दुकानातल्या अवजारांची पूजा करायचीय, मी जातो.”

आरतीने मोबाईल पुढे केला. “मामा, चालू झालंय तोवर आधी मानपत्र उघडा ना. मी पडद्याचा फोटो काढून ठेवते. म्हणजे काही झालं तरी...”

“मानपत्राचा फोटो? फोटो चोराचा काढतात, आरती, पोलीस ठाण्यात लावायला. काही होणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

मी धोतर बदलले आणि पार्थला ही वार्ता स्वमुखाने द्यायला निघालो. फोन करता आला असता. परंतु फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि मला तो पाहायचा होता. मंडपात पार्थ होता, टोळीतले चारदोन जण होते. मी सांगितले. पार्थ म्हणाला, “वा, सर.” मग त्रिवेणी संगमात नद्या किती आणि त्यांतली दिसत नाही ती कोणती, यावरून गोष्ट वाढली. मी सरस्वती नदीवर बराच वेळ बोललो. इतका, की मंडपवाल्याने माझ्या दोन्ही बाजूंना खांब पुरले.

घरी आलो तो उंबऱ्यातच धूपाचा वास आला.

आमच्या घरी खंडेनवमीला सगळी अवजारे ओळीने मांडतात: विळी, कात्री, खुरपी, शिवणयंत्र, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. मोटारसायकल दारातच पुजतात. या वर्षी ओळीच्या शेवटी संगणक होता. म्हणजे तो आपल्या जागीच होता. ओळ त्याच्यापर्यंत नेली होती. पडद्याला झेंडूचा हार होता. उघड्या पेटीवर पाच बोटे हळद, पाच बोटे कुंकू. वर्तमानपत्रावरच्या डिस्कला नैवेद्याचा मान मिळाला होता. तिच्या मागच्या सुयांवर अक्षता, आणि अक्षतांवर विड्याच्या पानाने शिंपडलेले पाणी चमचमत होते. निळी पट्टी दिसत नव्हती. पडदा काळा होता.

“हे कोणी बंद केले?”

“मी,” पुष्पावती म्हणाली. “बटणावरनं.”

“का?”

“अहो, का म्हणजे? पुजलेलं अवजार चालतं ठेवत नाहीत. सोनं देऊन-घेऊन होईस्तोवर त्याला विसावा. शिवणयंत्र झाकलं, मिक्सर झाकला, आरतीनं पाट्यावर चटणी वाटली. आणि ह्याला एकट्याला राबवायचं? त्याला काय जीव नाही?”

“त्यात बनुबाईंचे मानपत्र आहे!”

“असू द्या की. मानपत्राला पाय फुटणार आहेत का? उद्या संध्याकाळी सोनं लुटून आलात की लावा.”

“उद्या संध्याकाळी सत्कार आहे. सोने लुटले की लगेच सत्कार, सत्कार झाला की ट्रक.”

तिचा चेहरा थोडा पडला. पण हळद लावून झाली होती. हळद लावलेली वस्तू आमच्या घरात कोणाचे ऐकत नाही.

मी खाली बसलो. अशा प्रसंगी माणसे आरडाओरडा करतात. मी युक्तिवाद करतो.

“हे पाहा, पुष्पावती. तुझी मूळ भूमिका अशी, की हे अवजार आहे. अवजाराला धार असते. याला धार नाही. म्हणून हे अवजार नाही.”

“स्टार्टरला कुठंय धार?”

“स्टार्टर शेतीला उपयोगी पडतो. संगणकाने नांगरट होते का? पाणी उपसले जाते का? यात फक्त लेखन आहे. आजवरची सगळी मानपत्रे आहेत. पाने आहेत, प्रकरणे आहेत. याला अवजार म्हणणे हा त्याचा अवमान आहे. हा ग्रंथ आहे. निव्वळ ग्रंथ.”

पुष्पावतीने पाहिले, माझ्याकडे आणि मग संगणकाकडे. तिच्या मुद्रेवर जे उमटले ते पाहून मला वाटले, आयुष्यात प्रथमच आपण हिला एखादी गोष्ट पटवून दिली.

“ग्रंथ आहे?”

“निःसंशय.”

“मग आधी का नाही सांगितलं? आरती, पाटीवरची सरस्वती इकडं आण गं. ह्याच्यापुढं मांड. मामा म्हणतात हे पुस्तक आहे.” आणि माझ्याकडे वळून, अत्यंत मृदू आवाजात: “अहो, अवजाराचं एक वेळ चाललं असतं. देवीची क्षमा मागून घेतलं असतं उचलून. पण सरस्वती मांडल्यावर पुस्तक उघडायचंच नाही, हे तुम्हीच नाही का पोरांना शिकवायचात? ‘आजच्या दिवशी अभ्यास नाही’ म्हणून सुट्टी द्यायचात.”

द्यायचो. आकड्यांच्या एकांनी काढलेली सरस्वती संगणकापुढे मांडली गेली, तिलाही हळदकुंकू झाले, आणि युक्तिवादाचा निकाल माझ्या बाजूने लागल्यामुळे मला अपीलही करता येईना.

दसऱ्याच्या सकाळी पुष्पावती देवळात गेली होती. आरती पुरणाला बसली होती. मी संगणकापुढे उभा राहिलो. मनात म्हणालो, ग्रंथ उघडायचा नाही असे ठरले आहे. ग्रंथाला विद्युत्पुरवठा करायचा नाही असे कुठे ठरले आहे? मी बटण दाबले.

फट् झाले. पेटीतून एक पिवळसर धुराची रेघ निघाली. घरातले पंखे थांबले, फ्रिज थांबला, शेजारच्या घरातून “लाईट गेली का हो?” अशी विचारणा झाली. आणि घरभर वास सुटला, तंतोतंत फोडणी जळाल्याचा.

“मामा,” आतून आरती म्हणाली, “माझ्या गॅसवर तर काहीच नाही. हळद कुठं करपली?”

मी खिडकी उघडली. वास जाऊ देणे हाही एक युक्तिवादच आहे.

बिभीषणाला बोलावून आणले. त्याने पेटीत डोकावून पाहिले, बोटाने थोडी हळद काढली, हुंगली आणि हात पुसला. “सर, सुयांत पाणी गेलं. डिस्का मेल्यात का जित्या हायत, वाळल्याबिगर सांगता यायचं न्हाई. बाजरीच्या डब्यात पुरून ठिवा चार दिस.”

“बाजरीत?”

“मोबाईल पान्यात पडला की तांदळात ठिवत्यात. तुमच्यात बाजरी जास्त.”

संध्याकाळी देवळापुढे सगळे गाव जमले. सोने दिले-घेतले गेले. रस्त्याला ट्रक उभे होते. भांडी, गाठोडी, शेळ्या, पाण्याचे पिंप असे सगळे वर चढलेले, आणि टोळी कोयते बांधून मंडपात बसलेली. बनुबाई खुर्चीवर होत्या, नऊवारी, हातात काठी. ती काठी गुडघ्यांसाठी होती, परंतु धरली होती ती बोलावण्याजोगी. पार्थने नगरहून आणलेली चौकट टेबलावर ठेवली होती. सोनेरी नक्षी, काच, आणि आत मोकळा मखमली चौकोन, माझ्या कागदासाठी.

“सर, कागद?” पार्थने हळूच विचारले.

“कागद बाजरीत आहे.”

“मग मोबाईलवरचं वाचू?”

मी माईक हातात घेतला. “पार्थ, खाली बस. लिहिले मी आहे. ते पेटीत असो वा बाजरीत, आधी ते माझ्या डोक्यात होते. मी तोंडी म्हणतो.”

आणि मी आरंभ केला. वाक्य मोठे होते. त्यात आमच्या माळरानाचा उल्लेख होता, पहाटेच्या थंडीचा होता, उसाच्या पात्यांनी चिरलेल्या हातांचा होता, आणि या सर्वांचा भार वाहणारी बनुबाई शेवटी यायची होती. मी माळरान पार केले. थंडी पार केली. टोळी मान वर करून ऐकत होती. एक बाई पदराने डोळे टिपू लागली होती. मी म्हणालो, “...आणि हे सारे ज्या सोशिक, मूक, क्षमाशील माउलीने...”

“कोन सोशिक?” बनुबाई म्हणाल्या.

मी थांबलो. मानपत्र वाचत असताना सत्कारमूर्तीने बोलायचे नसते. बैलसुद्धा बोलला नव्हता.

“आपण,” मी म्हणालो.

“मी न्हाई सोशिक, मास्तर. कारखान्याच्या गेटात चेअरमनच्या गाडीपुढं कोन आडवं झाल्तं? काटा मारत्यात म्हनून वजनकाट्यावर चढून कोन बसलं हुतं? इच्यारा ह्यान्ला.”

“तुमीच, मावशी,” टोळी म्हणाली.

“मुकादम सोशिक असता तर ह्यातली निम्मी मानसं उपाशी मेली असती. दुसरं काय तरी म्हना.”

“बनुबाई, वाक्याच्या तोलासाठी तेथे सोशिकच हवे.”

“तोल जाऊ द्या.”

मंडप हसला. मी हसू दिले. “आपल्याला कोणता शब्द हवा?”

“भांडखोर म्हना.”

“मानपत्रात भांडखोर बसत नाही.”

“मंग ते मानपत्र माझं न्हाई, दुसऱ्या कुनाचं तरी हाय. आन मूक कोन? मी? मूक?”

यावर टोळीतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडू लागल्या. मी सोदाहरण सिद्ध करणार होतो, की मूक म्हणजे न बोलणारी असे नसून अंतर्यामी गंभीर असे आहे. तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न दिला. बनुबाई काठी टेकत उठल्या, त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि टोळीला म्हणाल्या:

“ऐका. पिंप सावलीत ठिवायचं. लेकरं बैलगाडीच्या चाकापाशी झोपवायची न्हाईत. आगाऊ उचल घेतली म्हनून खालमानेनं ऱ्हायाचं न्हाई. काटा आपल्या डोळ्यांनी बघायचा. आन कोनी आडवा बोलला तर मला फोन करायचा, मी यष्टीनं यील. चला, उठा. अंधार पडायच्या आत घाट उतरा.”

हे भाषण झाले. त्यात एकही अलंकार नव्हता, तरी ती बाई, जी आधी माझ्या वाक्यावर डोळे टिपत होती, ती आता ओक्साबोक्शी रडत होती. तिच्या अभिरुचीबद्दल मी काही म्हणत नाही.

पार्थने घाईघाईने रिकामी चौकटच बनुबाईंच्या हातात दिली. त्यांनी काचेतून आरपार पाहिले. “झ्याक हाय. मोकळीच दिली ते बरं केलं.” ट्रक हलण्याआधी त्यांनी टोळीला ट्रकपुढे उभे केले आणि पार्थला मोबाईल काढायला लावला. सगळ्यांनी कोयते वर केले. पार्थ माझ्याकडे न पाहता फोटो काढत होता. मीही त्याच्याकडे न पाहता सोने वाटत होतो.

चार दिवस डिस्का बाजरीत राहिल्या. त्या दिवसांत आमच्या घरी भाकरी झाली नाही. पुष्पावतीने चपात्या लाटल्या आणि प्रत्येक चपातीबरोबर मला एकेक वाक्य ऐकवले. मग बिभीषण आला, त्याने पेटीतली जळालेली तार बदलली, दातांच्या ब्रशाने सुया घासल्या, टोप्या तपासल्या, पट्टी लावली. जुनी डिस्क शेवटचे एकदा बोलली. तिने जेवढे सांगितले तेवढे नव्या डिस्कने मुकाट ऐकून घेतले, आणि जुनी कायमची गप्प झाली. नव्या डिस्कवर मानपत्र होते. अक्षर न् अक्षर. आता तो संगणक चालतो, आणि ज्याला पटत नसेल त्याने घरी येऊन पाहावे. मात्र त्याला नव्या डिस्कची अजून सवय झाली नसल्याने चालू होताना हळदीचा किंचित वास येतो.

मानपत्र मी जाड कागदावर छापले. ‘सोशिक’च्या जागी ‘भांडखोर’ घातले. बनुबाईंनी सांगितले म्हणून नव्हे. दोनचार वेळा मोठ्याने वाचून पाहता वाक्याला तोच शब्द पेलतो, असा माझा स्वतंत्र निष्कर्ष निघाला. ‘मूक’ तर मला स्वतःलाच खटकत होते. कागद घेऊन मी बनुबाईंच्या घरी गेलो. त्या ओसरीवर मटकी निवडत बसल्या होत्या.

“वाचू?”

“वाचा की. निवडून व्हईस्तोवर वाचा.”

मी वाचले. संपूर्ण. एका श्वासात नाही, पण एका बैठकीत. भांडखोर आले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आता कसं माझं वाटतंय.” एवढी दाद मला जिल्ह्यात कोणी दिलेली नाही. मग त्यांनी हात झटकले, कागद माझ्याकडून घेतला, अंगठ्याने चाचपून पाहिला आणि भिंतीवरची चौकट खाली काढली. चौकटीत टोळीचा फोटो होता, कोयते उंचावलेला.

“बेस झालं आनला. फोटू पातळ हाय ना, आत सारखा सरकत हुता. मागं असलंच काय तरी जाड पायजे हुतं.”

मी वाद घातला. बराच वेळ घातला. चौकट मानपत्रासाठी आहे, मानपत्र चौकटीसाठी नव्हे, हा मुद्दा मी तीन प्रकारे मांडला. त्या ऐकत होत्या आणि चौकटीचे खिळे वाकवत होत्या. मानपत्र आत गेले, फोटो त्याच्यापुढे घट्ट बसला. आज ती चौकट त्यांच्या भिंतीवर आहे आणि त्या चौकटीच्या आत माझे मानपत्र आहे, हे कोणीही नाकारू शकत नाही. आणि आणखी एक. बनुबाई अक्षरांची बाजू भिंतीकडे करणार होत्या. ती मी करू दिली नाही. अक्षरे पुढच्या बाजूलाच आहेत, फोटोच्या अगदी पाठीशी. त्या मुद्द्यावर बनुबाईंना सपशेल माघार घ्यावी लागली.